मुठीपेक्षा उंच फुलं

२८ नोव्हेंबर

भिंगरी,

मायन्यात 'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही. 'प्रिय' दिसलं की तू पुढचं वाचत नाहीस, असा माझा अंदाज आहे. आधीच्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही, त्यावरून बांधलेला. शिवाय हे कामाचं पत्र आहे.

यंदा नाताळचं जेवण घरी करायचं ठरतंय. चार वर्षांत केलं नव्हतं. मी हॉटेलात लोकांची टेबलं मांडत असायचे आणि बाबा आत्याकडे जाऊन सूप पिऊन यायचे. यंदा आत्याच म्हणाली, "पुरे झालं. माझे गुडघे आता स्वयंपाकाला उभे राहत नाहीत. या वेळी तुमच्याकडे जेवू." आत्याचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तुला माहीतच आहे.

तर प्रश्न टेबलाचा आहे. तुला हसू येईल, टेबलं मांडून पोट भरणारी बाई टेबलाबद्दल विचारतेय. पण येत्या महिन्यात आमच्या मेजवानीच्या हॉलमध्ये अकरा पार्ट्या आहेत, आणि त्यांच्या तयारीच्या सोनेरी रिबिनी, काचेचे गोळे, कापसाचा बर्फ बघून बघून माझे डोळे दुखायला लागलेत. घरी साधं हवंय. आईचा पांढरा टेबलक्लॉथ काढलाय, ज्याच्या कोपऱ्यावर तू शाई सांडली होतीस तोच. डाग अजून आहे. त्याच्यावर मिठाची बाटली ठेवू. मधोमध काय ठेवावं ते मात्र सुचत नाही. हिरव्या डहाळ्या आडव्या पसराव्यात का? मेणबत्त्या ठेवाव्यात का? की काहीच नको? आई काय ठेवायची ते मला आठवत नाही, तुला आठवत असेल. लहानपणी तुझं लक्ष खाण्यापेक्षा टेबलावर जास्त असायचं.

बाबांच्या पायाला जरासं लागलंय. काळजीचं नाही. गॅरेज सध्या बंद आहे.

जेवण पंचवीस तारखेला, दुपारी एक वाजता. मी बोलावतेय असं समजू नकोस. वेळ सांगून ठेवली, एवढंच.

ताई


५ डिसेंबर

भिंगरी,

'जरासं' हे खोटं होतं. बाबांच्या डाव्या पायाची तीन बोटं मोडलीत. दुरुस्तीला आलेली टॅक्सी गॅरेजातून मागे निघत होती. बाबा पाठ करून उभे होते, हातात फडकं आणि स्पार्क प्लग. टॅक्सीवाल्याने तीनदा हॉर्न वाजवला. समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्यामागे तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक आलं, वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. बाबा तेवढे हलले नाहीत. चाक पायावर चढलं तेव्हा त्यांना कळलं. टॅक्सीवाला बिचारा त्यांच्यापेक्षा जास्त ओरडला.

बाबांना ऐकू येत नाही, भिंगरी. सात वर्षं झाली.

लिहिलं एकदाचं.

तू शिकायला वसतिगृहात गेलीस, त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालं. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. आणि आपले बाबा कोण? बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारे वस्ताद. लोक चार गॅरेजं ओलांडून त्यांच्याकडे यायचे ते त्या कानासाठी. कान गेल्यावर त्यांनी हाताला कामाला लावलं. चालू इंजिनावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, वस्ताद तल्लीन होऊन ऐकतायत. आणि दोष बरोबर सांगायचे, हे विशेष.

माणसांचं बोलणं ते ओठांवरून वाचायचे. समोरच्याचं तोंड नीट दिसलं तर बरंचसं कळायचं. नाही कळलं तर हसायचे आणि मान हलवायचे, "हो हो, बरोबर आहे." ती मान आई ओळखायची आणि मी ओळखायचे. तू सुट्टीत चार दिवस यायचीस, तुला ओळखू येण्याचं कारण नव्हतं. फोनवर तू विचारायचीस, "ताई, बाबा का येत नाहीत बोलायला?" मी म्हणायचे, हात ग्रीसने भरलेत. त्या तीन वर्षांत त्यांचे हात किती वेळा ग्रीसने भरले असतील, याचा तू कधी संशय घेतला नाहीस.

त्यांनी मला शपथ घातली होती. कान गेला हे फुटलं तर गॅरेजला कुलूप लागेल, म्हणून कुणालाही सांगायचं नाही. तुलाही नाही. "भिंगरीच्या पोटात तीळ भिजत नाही," असं म्हणाले होते. आता राग नको धरूस, तेव्हा तू खरंच तशी होतीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली. बाबा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. झालं. येताना टॅक्सीत, हो, त्याच टॅक्सीत, ते म्हणाले, "आता सांग पोरी, ज्याला सांगायचंय त्याला. मला लपवून लपवून दमायला झालंय." माझा जीव भांड्यात पडला. रस्ताभर मी खिडकीबाहेर बघून रडले. टॅक्सीवाल्याला वाटलं पायासाठी रडतेय. त्याने पुन्हा माफी मागितली.

आता त्यांच्या उजव्या कानात यंत्र बसवलंय. पहिल्या दिवशी घरात शिरले, स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि म्हणाले, "हा फ्रिज केव्हापासून असा रडतोय? याचा कॉम्प्रेसर गेलाय." मी म्हटलं, बाबा, तो दोन वर्षं असाच आवाज करतो. मोडक्या पायाने भिंत धरत फ्रिजपर्यंत गेले, मागची जाळी काढायला लावली आणि एक स्क्रू आवळला. फ्रिज गप्प झाला. मी दोन वर्षं त्या आवाजात झोपत होते.

आत्याला सांगितलं तर म्हणे, "मला केव्हाच माहीत होतं. एकदा मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं तर हसून 'हो हो, बरोबर आहे' म्हणाला. शुद्धीवर असलेला माझा भाऊ तसं म्हणेल का?"

ताई


११ डिसेंबर

भिंगरी,

दोन पत्रं मी मुद्द्याभोवती पिंगा घातला. आज सरळ लिहिते.

चार वर्षांपूर्वीचा नाताळ. आईला जाऊन अडीच महिने झाले होते. घर इतकं ओकंबोकं दिसत होतं की मला सहन होईना. आदल्या दिवशी हॉटेलात एक लग्न होतं, त्यातली पांढरी लिली उरली होती. लांब दांड्यांची, महागडी, कालच उमललेली. मॅनेजरला विचारून मी ती सगळी घरी आणली, वर हॉटेलच्या पितळी फुलदाण्या आणि तीन-तीन मेणबत्त्यांची दोन उंच झाडं आणली. दोन तास खपून टेबल मांडलं. आईसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर तुझ्यासाठी मांडलं होतं. तू बाहेर जाऊन शिकलीस, मी घरी राहिले, तर निदान माझं टेबल तरी बघ, असं काहीतरी मनात होतं.

आणि तुला मी समोर बसवलं. बाबांच्या उजव्या हाताची तुझी नेहमीची खुर्ची सोडून थेट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. हॉटेलात मानाच्या पाहुण्याला तसं बसवतात.

सूप संपलं. तू चमचा खाली ठेवलास आणि विचारलंस, "बाबा, आई गेली तेव्हा मी इथे नव्हते. त्याचा राग आहे ना तुमच्या मनात? खरं सांगा."

बाबा हसले. मान हलवली. म्हणाले, "हो हो, बरोबर आहे."

पुढचं तुला माहीत आहे. तू उठलीस, बॅग उचललीस आणि गेलीस. कोंबडी ओव्हनमध्येच राहिली.

दुपारी भांडी आवरता आवरता मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि समोर बघितलं. आधी लिली. लिलीच्या मागे सहा ज्योती. त्यांच्या मागे तुझ्या खुर्चीची वरची पट्टी. त्या खुर्चीत एखादा हत्ती बसला असता तरी त्याचं तोंड दिसलं नसतं. त्यांना तुझा प्रश्न कळलाच नव्हता, भिंगरी. कुणीतरी काहीतरी बोलतंय एवढंच कळलं, आणि नेहमीची मान हलली.

आता ऐक, यातली खरी लाज कुठे आहे ती. हॉटेलात नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला एकच गोष्ट शिकवते. टेबलावर कोपर टेकव, हात सरळ वर धर, मूठ वळ. मधली फुलं मुठीच्या खाली राहिली पाहिजेत. नाहीतर पार डोक्याच्या वर, बारीक दांडीवर. मधलं काही चालत नाही, कारण माणसं जेवायला येतात ती एकमेकांची तोंडं बघायला. हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले असेन. आणि ज्या माणसाला ऐकायचं तर डोळ्यांनीच, त्याच्यासमोर मीच लिलीची भिंत उभी केली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय?

हे मला त्याच दुपारी कळलं होतं. चार वर्षांनी नाही. त्याच दुपारी.

ताई


१६ डिसेंबर

भिंगरी,

तुझं कार्ड आलं! एकच ओळ. "फुलं किती उंच होती?" खाली सहीसुद्धा नाही. मी ते पोस्टमनसमोरच वाचलं आणि त्याला उगीचच चहा विचारला.

चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर मोजणारी तू, मोजल्याशिवाय विश्वास ठेवायची नाहीस. मोजलं. त्या फुलदाण्या अजून हॉटेलच्या कोठीत आहेत. काल एकीत तसल्याच लिली घातल्या, टेबलावर ठेवल्या आणि शेजारी कोपर टेकवलं. फुलं मुठीच्या वर दीड वीत गेली. माझी वीत, तुझी नाही. हॉलमधल्या मुली बघत होत्या. एकीने विचारलं, "बाई, हे चुकीचं आहे ना?" म्हटलं, हो, हे चुकीचं आहे.

आता तू न विचारलेला प्रश्न. तू विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देते. मी तुझ्यामागे का आले नाही?

तू दारात बसून बूट घालत होतीस. लेस बांधायला तुला फार वेळ लागत होता, बोटं ऐकत नव्हती. मी तिथेच उभी होते. लिलीचं मला अजून कळलं नव्हतं, पण ती मान मी ओळखली होती. एक वाक्य पुरलं असतं. शपथ होती हे खरं. पण शपथ मोडायला तेवढा वेळ भरपूर होता, हेही खरं.

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तू फोनवर विचारलं होतंस, "ताई, आज निघू की परवा, पेपर झाल्यावर?" मी म्हटलं होतं, "परवा चालेल." आणि आई दुसऱ्याच दिवशी गेली. तू आलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. 'चालेल' मीच म्हणाले होते, तरी मला तुझाच राग आला. विचारलंस कशाला, असा. सरळ निघून यायचं होतं, असा. आईच्या उशाशी शेवटचे चार महिने मी होते, कपडे मी बदलले, औषधं मी दिली, आणि तू परवाचं विचारलंस. त्यामुळे टेबलावर तू राग आहे का म्हणून विचारलंस आणि कुणीतरी 'हो' म्हणालं, तेव्हा माझ्या पोटात थंडावा पडला. बरं झालं, असं वाटलं. मी बोलले नसते ते बाबा बोलले. ते बाबा बोललेच नव्हते हे माहीत असूनही बरं वाटलं.

हे लिहिताना दोनदा उठले. एकदा खिडकी लावली, एकदा उघडली.

आणखी एक. तू गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं? अशी कशी गेली?" मी म्हटलं, तिला गाडी पकडायची होती. त्या एका खोट्याला मग पिल्लं झाली. तिला रजा नाही, तिच्या दुकानात गर्दी असते, तिचा पत्ता बदलला. बाबा दर डिसेंबरात विचारतात, "यंदा तरी तिची गाडी उशिराची असेल का गं?" त्यांना वाटतं, तुला आपल्या घरात करमत नाही. तुला वाटतं, तू त्यांना नकोस. आणि दोघांच्या मधे ही फुलवाली.

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगणार आहे. मला खूप भीती वाटतेय, पण आता माघार नाही.

ताई


२१ डिसेंबर

भिंगरी,

सांगितलं.

नाश्ता झाल्यावर बसवलं, कानात यंत्र आहे ना ते बघितलं, आणि सगळं सांगितलं. तुझा प्रश्न शब्दशः. त्यांचं उत्तर शब्दशः. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. काढून फुंकर मारली, परत घातलं आणि म्हणाले, "पुन्हा सांग. मी काय म्हणालो?"

"हो हो, बरोबर आहे."

त्यांनी टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाले, "आणि पोर चार वर्षं ते घेऊन हिंडतेय."

मी रडायला लागले. माझी गाडीची थाप, दारातलं गप्प राहणं, सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं आता ओरडतील. म्हणाले, "तुला काय शिक्षा करणार मी? तू चाळिशीची घोडी झालीस." मग म्हणाले, "शपथ मी घातली होती. माझ्या कानाची अब्रू राखायला तुला खोटं बोलायला लावलं. अर्धं माझ्याकडे दे." एवढं बोलून मला चहा टाकायला सांगितला. माणूस असा आहे आपला बाप.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर काय, ते मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलंही. पण ते इथे लिहायला बंदी आहे. "पत्राला तोंड नसतं," म्हणाले. "तिने मला समोर विचारलं होतं, मी समोर सांगेन. आली तर." हे 'आली तर' त्यांनी इतकं हळू म्हटलं की त्यांना स्वतःला तरी ऐकू आलं का, शंका आहे.

मग टेबलाचा ताबा त्यांनी घेतला. प्लास्टरचा पाय ओढत चारही खुर्च्यांत आळीपाळीने बसले. प्रत्येक खुर्चीतून कोपर टेकवून, मूठ वळून बघितलं. आपल्या गॅरेजात चाकं सरळ करतात ना, तितक्या गंभीरपणे. मी आणलेल्या मेणबत्त्या उंच ठरल्या. बारीक करवतीने त्यांनी त्या आडव्या कापल्या आणि तीन तुकडे चहाच्या छोट्या ग्लासांत बसवले. मिरीची बरणी नापास झाली. पाण्याचा जग उचलून बाजूच्या स्टुलावर गेला. आत्या आली होती, ती म्हणाली, "माझाही अंबाडा उंच आहे हो. मला खाली बसवणार का?"

तेव्हा टेबल असं आहे: आईचा पांढरा टेबलक्लॉथ, कडक इस्त्री केलेला. मधून हिरव्या डहाळ्यांची एक आडवी ओळ, बोटभर उंच. तीन बुटक्या मेणबत्त्या. नॅपकिनना लाल सुती दोरा बांधलाय, त्यात डहाळीचं एकेक टोक. शाईच्या डागावर मीठ. बस. सोळा वर्षांच्या नोकरीत मी इतकं कमी कधी मांडलं नव्हतं, आणि इतका वेळ कधी लागला नव्हता.

तुझी जागा मी बाबांच्या उजव्या हाताला ठेवली होती, तुझी नेहमीची. यंत्रही त्याच कानात आहे. त्यांनी प्लेट उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. "समोर," म्हणाले.

ये गं. आता सरळ बोलावतेय.

ताई


२५ डिसेंबर, सकाळ

भिंगरी,

हे पत्र टपालात टाकायचं नाहीये. तुझ्या प्लेटखाली ठेवणार आहे. एक वाजता तू ते उचलशील, नाहीतर उद्या मी डब्यात टाकेन.

तुझ्याकडून काही कळलेलं नाही. मी अकरा वेळा पत्रपेटी बघितली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलंय, आणि ते खिडकीजवळ बसून रस्त्यावरचा प्रत्येक आवाज मला सांगतायत. "सायकल गेली. चेन सैल आहे." "कुत्रं." "ही बस, पण थांबली नाही." मी म्हटलं, बाबा, यंत्राची बॅटरी संपेल. म्हणाले, "संपू दे, दुसरी खिशात आहे."

कोंबडी आत गेलीय. बटाटे सोलून झालेत. मटार तेवढे राहिलेत. मटार सोलणं तुझं काम होतं, म्हणून मी हात लावलेला नाही. आलीच नाहीस तर आज मटार नाहीत, असं आत्याला सांगून ठेवलंय.

तू आली नाहीस तरी मी पुन्हा लिहीन. त्यांना सगळं माहीत आहे, तुला सगळं माहीत आहे. मी सकाळी उठले तेव्हा छातीवर काही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा. तेवढं मला मिळालं.

बाबा म्हणतायत, गेट वाजलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

थांब


२८ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

आता असं लिहायला हरकत नसावी.

तुझी परवाची गाडी सुटल्यावर बाबा फलाटावर उभे राहून म्हणाले, "शेवटून तिसऱ्या डब्याच्या चाकात खडखड आहे." स्टेशनमास्तरला सांगायला निघाले होते, मी ओढून आणलं.

तू स्वतःच टेबलावर होतीस, तरी लिहिते. कारण तुझं तोंड नॅपकिनमध्ये होतं, आणि नॅपकिनमधून दिसत नाही. मी बाजूला बसून सगळं बघितलं आहे, आणि या वेळी काहीही लपवणार नाही.

सूप संपल्यावर आपण तिघी एकदम बोलत होतो आणि बाबांचं यंत्र शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढलं. मिठाच्या बाटलीशेजारी, शाईच्या डागाच्या काठावर ठेवलं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, "आता विचार. तेव्हा विचारलं होतंस तेच."

तू विचारलंस. आवाज फुटत नव्हता तुझा, मला निम्मं ऐकू आलं नाही. त्यांना सगळं कळलं. तू बोलत होतीस तेव्हा तुझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते, हे तुला दिसलं का? आईचं नाव आलं तिथे ते किंचित थांबले.

मग ते म्हणाले, "नाही." मान हलवली, आडवी, सावकाश, तीनदा. म्हणाले, "'परवा चालेल' हे वाक्य माझं होतं. पोरीचा पेपर बुडवू नका, असं तुझ्या आईनेच मला सांगितलं, मी ताईला लिहून दिलं, ताईने फोनवर वाचलं. तू काय चुकलीस? राग धरायचा तर तू माझ्यावर धर."

ते चिठोरं माझ्या हातात होतं, भिंगरी, फोन करताना. हे मी तुला एकाही पत्रात लिहिलं नाही. 'चालेल' मीच म्हणाले असं लिहिलं, कारण बाबांना आणखी एका गोष्टीसाठी तुझ्यासमोर उभं करणं माझ्याने होईना. त्यांनी स्वतःच पुढे होऊन सांगितलं.

इथे तू तोंड नॅपकिनमध्ये घातलंस. बाबा घाबरले. म्हणाले, "तोंड वर कर, मला दिसत नाहीये काय म्हणतेस ते." आणि आत्या, देव तिचं भलं करो, टेबलावरून त्यांच्याकडे वाकून एकेक शब्द तोडत म्हणाली, "ती काही म्हणत नाहीये रे. रडतेय."

"असं का?" बाबा म्हणाले. "मग चालू दे." आणि त्यांनी कोंबडी कापायला घेतली. पहिला तुकडा त्यांनी प्लेटऐवजी डहाळ्यांवर वाढला.

टेबलक्लॉथवर तीन नवे डाग पडलेत. मटारही एकेकाच्या वाट्याला जेमतेम चमचाभर आले, कारण तू सोललेस त्याच्या दुप्पट खाल्लेस.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

जेवणानंतर आपण दोघी स्वयंपाकघरात होतो. नळ पूर्ण सोडलेला होता, मी भांडी घासत होते. तू मागे फडकं घेऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "ताई, तुझा राग गेला का गं?" मी मागे वळले नाही. हसले, मान हलवली आणि म्हटलं, "हो हो."

तू बशी पुसायला लागलीस. पण तुझा हात मधेच थांबला होता, ते मला खिडकीच्या काचेत दिसलं.

ती बाबांची मान होती. तू आता ती ओळखतेस, आणि तुला वाटलं असेल, हिला पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. वळून तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि बाहेर आत्या होती.

पुन्हा एकदा चार वर्षं जायला नकोत, म्हणून उत्तर लगेच देते. राग गेला. सगळा नाही. चिमूटभर आहे अजून, आईच्या उशाशी बसलेल्या त्या चार महिन्यांचा, आणि तो राहील बहुतेक. पण तो तुझ्या नावाचा नाही आता. तू विचारलंस ते बरं केलंस. पुढच्या वेळी नळ बंद करून विचार, मी वळून उत्तर देईन.

हॉटेलच्या फुलदाण्या कोठीत वरच्या फळीवर टाकल्यात. शिडीशिवाय हात पोचत नाही.

तुझी,
ताई

ता. क. बाबांनी सांगितलंय की फोन कर. हात ग्रीसने भरलेले असले तरी ते येतील.